गाडी सोडा, ऊस सांगा

मत देताना तुम्ही उमेदवाराचं भरलेलं वजन बघता की मोकळं?

प्रश्न विचित्र वाटेल. पण आमच्या कसबा बावड्यातल्या गल्लीत तो विचारणारा माणूसच राहतो, त्यामुळे आम्हाला त्याची सवय आहे. त्या माणसाला, म्हणजे केरबाअण्णांना, मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दवाखान्यात. डॉक्टरांनी त्यांना वजन करून यायला सांगितलं होतं. अण्णांनी आधी करकर वाजणाऱ्या चपला काढल्या. मग टोपी काढली. मग चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची चंची. काट्यावर एक पाय ठेवला, थांबले, पाय खाली घेतला, तोंडात बोटं घातली आणि कवळी काढून शेजारी उभ्या असलेल्या नर्सच्या हातावर ठेवली.

नर्स होत्या रेश्माताई मुजावर. त्यांनी कवळी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, काट्यावरचा आकडा वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, धोतर ऱ्हायलं की."

"ते मी मनात वजा करतो," बोळक्या तोंडाने अण्णा म्हणाले.

अण्णांनी उभा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढला. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचं वजन होतं. ऊस उतरवून मोकळी गाडी परत येते, तिचंही वजन होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहतो तो ऊस. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते उसाचे, गाडीचे नाहीत. काही हुशार लोक उसाच्या मोळ्यांमध्ये एखादा गडी झोपवून आणायचे, तेवढंच वजन वाढावं म्हणून. अण्णा लांबूनच ओरडायचे, "उतर खाली. ऊस हायस का तू?" आणि मोळ्यांमधून पाचट झाडत एक गडी उतरायचा.

निवृत्त झाल्यावर कारखान्याचा काटा कारखान्यात राहिला, पण अण्णांच्या डोक्यातला सुटला नाही. दिसेल त्या माणसाला ते काट्यावर चढवू लागले. शेजारच्या पोरीला बघायला कोडोलीचे पाहुणे आले होते. मुलाचे वडील सांगत होते, पुण्यात फ्लॅट आहे, गाडी आहे, मामा मंत्रालयात आहे, चुलता साखरेच्या धंद्यात आहे. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पावणं, गाडी सोडा, ऊस सांगा."

"म्हंजे?"

"फ्लॅट वजा करा, मामा वजा करा, चुलता वजा करा. पोरगं काय करतंय?"

पोरगं पोहे खात होतं. सोयरीक फिसकटली. मुलीने अण्णांना पुढचे कितीतरी दिवस डब्यातून भाकरी-पिठलं पाठवलं.

मला अण्णा आवडायचे ते याचसाठी. आमचं घर चळवळीतलं, त्यामुळे घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. जात, घराणं, पैसा बाजूला ठेवून माणूस बघा, असं त्या पत्रकांत हरतऱ्हेनं लिहिलेलं असायचं. तेच अण्णा चार शब्दांत सांगायचे. मला वाटायचं, हा माणूस आपल्याच बाजूचा आहे.

मग महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव निघाली.

सोडत निघाली त्या संध्याकाळी बाळदादांच्या बायकोचे, वैशालीताईंचे फ्लेक्स लागले. बाळदादा प्लॉट पाडून विकतात. फ्लेक्सवर बाळदादा कमरेपर्यंत होते, हात जोडून, हसत. वैशालीताई खाली कोपऱ्यात होत्या, आधार कार्डावर असतात तेवढ्या. प्रचाराला आल्या तेव्हा पदर सावरून म्हणाल्या, "नमस्कार. आपल्या भागातल्या बायकांसाठी मला..." आणि पुढचं वाक्य बाळदादांनी पूर्ण केलं. वाक्य गटारीच्या कामाचं होतं.

दुसऱ्या बाजूला रेश्माताई अपक्ष उभ्या राहिल्या. दवाखान्यातली नोकरी सोडून. त्यांचं पत्रक मी लिहिलं, पण पहिला मुद्दा त्यांनी स्वतः सांगितला: आठवडी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. मी म्हटलं, आधी रस्ते घेऊ. त्या म्हणाल्या, "रस्ते सगळेच घेतील. हे कोण घेणार?"

पत्रकं घेऊन मी दत्ताच्या डेअरीच्या कट्ट्यावर गेले. गल्लीतली मतं तिथे ठरतात. म्हणजे गडी ठरवतात आणि घरी जाऊन बायकांना चिन्ह सांगतात. दत्ता दूध मोजत होता, बाकीचे कट्ट्यावर बसले होते, आणि मधोमध अण्णा. दरवेळी मतदानाच्या आधी अण्णा उमेदवारांची 'वजनं' सांगायचे आणि गल्ली त्याप्रमाणे चालायची. रेश्माताईंना ही गल्ली मिळाली तर त्या लढतीत राहणार होत्या. नाही मिळाली तर नुसत्या उभ्या राहिल्यासारख्या.

दत्ताने पत्रक वाचलं. "पोरी, हे काय पयलं कलम? मुतारी?"

कट्टा हसला. अण्णाही हसले.

"बाई देवमाणूस हाय," दत्ता म्हणाला. "माझ्या आईला सलाईन लावाय रोज घरी येत हुती. एक रुपया घेतला न्हाय. पण..."

"पण काय?"

"मत म्हंजे घरातलं असतंय गं."

म्हणजे शिरेत सुई घालायला रेश्माताई घरातल्या होत्या. मतदान यंत्रापाशी आल्या की त्या मुजावरांच्या झाल्या.

"मागच्या खेपेला बाबू मुल्लाणी उभा होता," मी म्हटलं. "त्याला तर तुम्ही गुलाल लावून नाचवलंत."

"बाबूचं येगळं. तालमीतला गडी. आमच्या बरोबर लंगोट लावलाय त्यानं."

"आणि वैशालीताईंनी कुठे लंगोट लावलाय?"

"त्यांच्या मालकांनी लावलाय की," कुणीतरी म्हणालं, आणि कट्टा पुन्हा हसला.

मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, गाडी सोडा, ऊस सांगा. अण्णांनी तंबाखू मळली.

"रेश्माचं वजन करू या," ते म्हणाले. "आडनाव वजा. माहेर लांबचं, कुरुंदवाडकडचं, ते वजा. नवरा गरीब, कुणाला माहीत न्हाय, त्यो वजा. पक्ष न्हाय, वजा. सभागृहात गडी माणसं टेबल बडवून बोलत्यात, तिचा आवाज बारीक, वजा. ऱ्हायलं काय मग?"

"आणि वैशालीताई?"

"ती भारी हाय."

"त्यांच्यातून काय वजा केलंत?"

अण्णांची तंबाखू मळायची थांबली. मी राग गिळून सावकाश बोलले, कारण ओरडले असते तर त्यांनी तेही वजा केलं असतं. मी म्हटलं, "अण्णा, बाबू मुल्लाणीचं आडनाव तुम्ही उतरवलं नाहीत, कारण तो गडी आहे. वैशालीताईंचं बाईपण उतरवलं नाहीत, कारण त्या बाळदादांच्या आहेत. ती गाडी तुम्ही मोळ्यांत झोपलेल्या बाळदादांसकट तोलली. रेश्माताई बाईही आणि मुजावरही, म्हणून त्यांच्या गाडीबरोबर तुम्ही ऊसपण उतरवताय. असा काटा कारखान्यात चालवला असता तर शेतकऱ्यांनी ठेवलं असतं का तुम्हाला?"

दत्ता म्हणाला, "लई तिखट हाय पोरगी. दूध पाजा तिला कुणीतरी." अण्णा उठले. टोपी घातली आणि घरी गेले.

मला वाटलं, संपलं. गल्ली गेली.

पण प्रचार संपायला दोन-तीन दिवस असताना अण्णांचा निरोप आला. रेश्माला घेऊन ये, म्हणाले. दुपारची ये.

आम्ही गेलो. त्यांची बायको, हौसाकाकू, गेल्यापासून अण्णा त्या घरात एकटेच असतात. मुलगा पुण्यात आहे, रविवारी फोन करतो. भिंतीवर काकूंचा फोटो, खाली दोरीवर अण्णांचं एक धोतर आणि एक टॉवेल. अण्णांनी चहा स्वतः केला. साखर इतकी घातली होती की मी कारखान्याचा विषय काढणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

हौसाकाकूंच्या शेवटच्या आजारपणात रेश्माताई रोज सकाळी त्यांना इंजेक्शन द्यायला यायच्या. त्या दिवशी त्या बरोबर त्याच खुर्चीत बसल्या जिथे तेव्हा बसायच्या.

मी पत्रक पुढे केलं. अण्णांनी ते बाजूला ठेवलं.

"रेश्मा," ते म्हणाले, "तुझ्यासंगं ती बोलायची."

"व्हय अण्णा. लई बोलायच्या."

"मग मला एक सांग." अण्णांनी बशी खाली ठेवली. "ती मत कुणाला द्यायची?"

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून प्रत्येक मतदानाला ते काकूंना सोबत घेऊन जायचे आणि शाळेच्या फाटकापाशी कानात चिन्ह सांगायचे. अण्णांचं कानात बोलणं अख्खी रांग ऐकायची. काकू मान हलवायच्या आणि आत जायच्या. शेवटच्या दिवसांत टीव्हीवर कुठल्यातरी निवडणुकीची बातमी लागली होती. काकू अंथरुणातून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमी सांगितलेलं मी कवाच ऐकलं न्हाय."

"मला वाटलं, चेष्टा करतीया," अण्णा म्हणाले. "मी इचारलं, मग कुणाला द्यायचीस? तर म्हटली, ते माझं हाय. पुन्यांदा इचारलं तर झोपली. आठवड्यात गेली. मी बाकी समद्या गल्लीचं मत सांगतो बघ. कोण कुटं दाबणार, कोण कुणाचं खाणार आणि कुणाचं गाणार. माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईचं मला म्हाईत न्हाय."

मी रेश्माताईंकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. काकू म्हणायच्या, बाईमाणूस उभं राहिलं तर तिलाच द्यावं. एवढंच. कोण विचारायला जाणार होतं? अण्णा तिथून उठून थेट कट्ट्यावर गेले असते आणि सगळी गल्ली त्यांच्या मागे आली असती. रेश्माताईंनाही ते कळत होतं. मला ते त्यांच्या बोटांवरून कळलं. त्या पदराचं टोक गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"मला न्हाय सांगितलं, अण्णा," त्या म्हणाल्या. "मी इचारलंबी न्हाय."

अण्णांनी मान हलवली. त्यांना जणू तेच उत्तर येणार हे माहीत होतं.

"मग काय बोलायची?"

रेश्माताईंनी पदराचं टोक सोडलं. "माहेरचं. रानाचं. बाजाराचं. बाजाराचं लई बोलायच्या. म्हणायच्या, आता बाजाराला जायचं न्हाई तर पाणी तरी पोटभर पिते."

"म्हंजे?"

"आठवडी बाजाराला जायच्या त्या दिवशी सकाळपासनं पाणी पीत न्हवत्या त्या. चहाबी न्हाय. तिथं बायकांना जायला जागा न्हाय ना कुठं. दुपारी घरी येईपर्यंत तशाच. मुतखड्याचं दुखणं त्यातनंच तर आलं हुतं अण्णा. डॉक्टरांनी इचारलं, पाणी कमी पिता काय, तर काकू माझ्याकडं बघून हसल्या."

अण्णांनी काकूंच्या फोटोकडे पाहिलं.

"मी तिच्यासंगं जायचो की बाजाराला," ते म्हणाले. "पिशव्या धरायला. रसाच्या गाड्यावर थांबायचो. मी ग्लास घ्यायचो, तिला म्हणायचो घे, तर म्हणायची नको. मला वाटायचं, तिला तहानच कमी."

रेश्माताईंनी त्यांचा रिकामा कप उचलला आणि मोरीवर नेऊन विसळला. मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घातला. त्या घरात पत्रक ठेवायची मला लाज वाटली. पहिलं कलम वाचून तो माणूस कट्ट्यावर हसला होता, आणि ते कलम त्याच्या घरातून आलेलं होतं. रेश्माताईंनी ते तोपर्यंत कुणाला, मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रचार संपला त्या संध्याकाळी कट्टा भरला होता. गडी अण्णांची वाट बघत होते. मीही डेअरीच्या पलीकडे उभी होते. अण्णा आले, बसले. दत्ताने विचारलं, "अण्णा, बोला. कुणाचं भरतंय?"

"मी यंदा सांगणार न्हाय," अण्णा म्हणाले.

"असं कसं? बाळदादाचं धरू मग?"

"तू कुणाचंबी धर. दत्ता, तुझी बायको बाजारला जाती का?"

"जाती की."

"जाताना पाणी पिती का?"

"आता ते मला काय म्हाईत?"

"घरी जाऊन इचार. मग मत दे."

एक जण फिदीफिदी हसला. "अण्णा म्हातारं झालं. मुताऱ्यांवर आलं." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी आईबी जाती बाजारला, भावड्या. तिला इचार, किती हसाय येतंय बघू." मग कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने एकेक जण उठून गेला. दत्ता बराच वेळ तेच एक भांडं पुसत बसला होता.

इथे मला सांगायला आवडलं असतं की रेश्माताई जिंकल्या. त्या पडल्या. थोडक्यात पडल्या असं म्हणायची पद्धत आहे, पण त्या चांगल्या दणकून पडल्या. आमच्या गल्लीत मात्र त्यांना कुणी धरली नव्हती इतकी मतं निघाली. ती गड्यांची की बायकांची, मला माहीत नाही. अण्णांनी कुणाला मत दिलं तेही माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाळदादांच्या दारात मांडव होता. हारांचा ढीग, पेढ्यांची खोकी, गुलाल. बाळदादा खुर्चीत होते. त्यांच्या शेजारी वैशालीताई उभ्या होत्या आणि येणाऱ्यांना पेढे देत होत्या. अण्णा गेले. मी सोबत गेले, कारण त्यांनी हाक मारली होती.

"या अण्णा," बाळदादा म्हणाले. "तुमी यंदा फिरलासा म्हणं."

"मी नगरसेवकांना भेटाय आलोय."

"बोला की."

"तुला न्हाय." अण्णा वैशालीताईंकडे वळले. गल्लीतल्या कुठल्याही सुनेला ते अगं-तुगं करतात. त्यांना मात्र म्हणाले, "बाई, तुमाला एक इचारायचंय. आठवडी बाजारात बायकांची सोय करणार का तुमी?"

"करू की अण्णा," बाळदादा म्हणाले. "घालतो बजेटात."

"मी त्यास्नी इचारलं."

मांडवातले लोक बघू लागले. वैशालीताईंच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली ताटाकडे. मला वाटलं, आता हे वाक्यही दुसरंच कुणी पूर्ण करणार. पण बाळदादांना बहुतेक प्रश्नच नीट कळला नव्हता.

"मीबी पाणी पीत न्हाय अण्णा," वैशालीताई म्हणाल्या. "बाजारात न्हाय, प्रचारातबी न्हाय. ह्यांच्याबरोबर दिवसभर फिरलो, पण एक घोट घेतला न्हाय. मी करणार ती सोय. आधी तीच करणार."

इतकं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून गल्लीने पहिल्यांदाच ऐकलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि ताटातला पेढा उचलून त्यांच्याच हातावर ठेवला. मग मला म्हणाले, "चल." बाहेर आल्यावर धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "उन्हाचं पाणी येतंय." सकाळचे नऊ वाजले होते आणि आभाळ भरलेलं होतं.

सोय अजून झालेली नाही. वैशालीताई सभेत दोनदा बोलल्या, असं ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांच्या बाजूने रेश्माताई अर्ज घेऊन गेल्या होत्या. अण्णा आता आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन जातात आणि रसाच्या गाड्यापाशी थांबतात. स्वतः रस पीत नाहीत. मुलाने फोनवर विचारलं, तब्येत बरी नाही का, तर म्हणाले, तहान न्हाय.

वाचकहो, मत कुणाला द्यायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एकच करा. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुमच्या घरातली बाई पिशवी घेऊन निघाली की तिच्यासमोर पाण्याचा तांब्या धरा. ती नको म्हणाली, तर का नको ते विचारा. आणि ती सांगू लागली की मधे बोलू नका, तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या.